घरशाळेतला संप

दिंडोशी, गोरेगाव (पूर्व)
गुरुवार, ४ जून १९८७

तीर्थस्वरूप सौ. रुक्मिणीताईस,

धाकट्या दत्तारामचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण जमिनीवर खडू वाळत ठेवलेत (घरी केलेले, ती हकीकत पुढे येईल), तेव्हा उभ्याने केलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? शाळेतून निवृत्त झाल्यापासून तू दुपारी तासभर झोपतेस, असं गावाहून आलेल्या अनंताने सांगितलं. भाग्यवान आहेस. मला तर बसवतसुद्धा नाही. बावीस वर्षं गिरणीत कापड विणणाऱ्या चार साच्यांमधून फेऱ्या मारल्या. संपात गिरणी बंद पडली त्याला पाच वर्षं झाली, पण पाय अजून ऐकत नाहीत. पहाटे दूधकेंद्रावर बाटल्या वाटतो तेवढा वेळ बरा जातो. आठला घरी आलो की खिडकी ते दार, दार ते खिडकी. हे पत्रही कपाटाच्या फळीवर कागद ठेवून उभ्याउभ्याच लिहितोय, मध्ये अक्षर हललं तर समजून घे.

पत्राचं कारण आनंदाचं आहे. आमच्या घरशाळेचं दुसरं वर्ष सुरू होतंय. तुला आठवत असेल, आमची लता चौथीत असताना तिला टायफॉइड झाला, चार महिने बुडाले, आणि शाळेतल्या बाई म्हणाल्या की तिला पुन्हा चौथीतच बसवा. माझं डोकं फिरलं. तापातसुद्धा जी पोरगी एकोणतीसचा पाढा म्हणत होती, तिला पुन्हा चौथी? दाखला काढून घेतला आणि सांगून आलो, पाचवी मी घरी करून घेतो. (आमची सौ., नलिनी, म्हणते, हे सांगताना मी टेबलावर हात आपटला. हात फक्त टेबलावर ठेवला होता, जरा जोरात.) आणि पाचवी झालीही. आता नलिनीने नवीन टूम काढली आहे. जवळच्या एका शाळेत पहिल्या दिवशी जुजबी चाचणी घेऊन थेट सहावीत बसवतात म्हणे. तिने फॉर्म आणून, भरून, चहाच्या डब्याखाली ठेवलाय. वडिलांची सही तेवढी बाकी, मुदत बारा जून. मी सही करणार नाही, हे ठरलेलं आहे. चहा करतानाही तो डबा मी उचलत नाही, जागच्या जागी झाकण काढतो.

पहिलं वर्ष तसं घाईगर्दीत गेलं. पाट हेच टेबल आणि माझी जुनी डायरी हीच वही. या वेळी मात्र मे महिन्यातच कंबर कसली. आधी फळा. खोलीत रिकामी भिंत नाही (एकीला कपाट, एकीवर देव, एकीवर नलिनीची भांडी), म्हणून बाहेरच्या दाराची आतली बाजू काळ्या रंगाने रंगवली. फळा झकास झाला. अडचण एवढीच, की कोणी दार उघडून आत आलं की फळा भिंतीकडे तोंड करतो आणि पाहुणा जाईपर्यंत भूगोल थांबतो. शेजारचा धोंडिराम (गिरणीत माझ्याच खात्यातला, संपात माझ्याबरोबर गेटावर बसलेला) रंग ओला असतानाच दाराला पाठ टेकून नळाच्या वेळेबद्दल अर्धा तास बोलला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ अशी झाली, की तिच्यावरही पाढे लिहिता आले असते. तो सदरा तो अजून घालतो, आणि मी गॅलरीत असलो की नेमकी माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. मग खडू. बाजारचे खडू फार मऊ, म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस आणून वर्तमानपत्राच्या नळ्यांत ओतलं. चार डझन झाले. ते लिहीत नाहीत ही गोष्ट खरी, पण मोडतही नाहीत.

(मध्येच उठून खिडकी बंद करून आलो. म्हणजे उभाच होतो, चालून आलो.)

वेळापत्रक मात्र मी पहिल्याच वर्षी मोठ्या कागदावर आखलं होतं. तुम्ही मास्तर लोक तास म्हणता, मी पाळी म्हणतो. पहिली पाळी साडेआठ ते अकरा, गणित. दुसरी साडेअकरा ते दीड, भाषा. हजेरीचं कार्ड केलं. रोज किती गणितं झाली ते मांडायला रकाना ठेवला. गिरणीत कापडात खोट निघाली की पगार कापायचे, तसं चुकलेल्या गणितामागे खेळाची पाच मिनिटं कापायची असा नियम केला. (मार्चअखेर तिची पुढच्या दिवाळीपर्यंतची मिनिटं कापली गेली होती, पण ते असो.) आणि घंटेच्या आवाजात दम नाही, म्हणून रिक्षाचा जुना रबरी भोंगा आणला. तो पहिल्यांदा वाजवला त्या सकाळी वरच्या मजल्यावरच्या शांताबाई, टेलिफोन खात्यात नोकरीला आहेत त्या, रिक्षा आली समजून पर्स, डबा, छत्री घेऊन जिना उतरून आल्या. खाली मला पाहून जे बोलल्या, ते थोरल्या बहिणीच्या पत्रात लिहिता येत नाही.

शिकवण्यात मात्र मी कसूर केली नाही. इतिहास आदिमानवापासून सुरू केला, पण कसं कोण जाणे, दुसऱ्याच दिवशी आमच्या संपावर आलो आणि तीन आठवडे तिथेच राहिलो. मागण्या थोड्या आणि स्पष्ट लिहाव्यात, साहेब हसला तरी आपण हसू नये, आत चहाला बोलावलं तर एकट्याने जाऊ नये, हे सगळं तिच्याकडून पाठ करून घेतलं. जानेवारीत निसर्ग-अभ्यास म्हणून तिला आरे कॉलनीत चालत नेली. म्हशी मोजून झाल्या, परत निघालो, तर झाडाखाली कुठल्याशा शाळेच्या सहलीला आलेल्या मुली खो-खो खेळत होत्या. लता तारेच्या कुंपणाशी उभी राहिली ती हलेना. दोनदा हाक मारली. पाय दुखत असतील, असं मी समजलो.

तर ताई, या सोमवारी, एक जूनला, उद्घाटनाचा दिवस. मी इस्त्रीचा सदरा घातला, बरोबर साडेआठला भोंगा वाजवला. कामगार हजर नाही. दार उघडून बघतो, तर लता बाहेर गॅलरीत चटईवर मांडी घालून बसलेली, आणि समोर पुठ्ठ्यावर मागण्या. पहिली, शाळेच्या फॉर्मवर सही झाली पाहिजे. दुसरी, भोंगा बंद झाला पाहिजे. तिसरी, खो-खोला एका बाजूला नऊ जणी लागतात, उरलेल्या आठ मालकांनी पुरवाव्यात. मालकांनी! जन्मात पहिल्यांदा मला कोणी मालक म्हटलं, तेही माझ्याच पोरीने. अक्षर मात्र काय सुंदर काढलंय, तू बघायला हवं होतंस. एकही खाडाखोड नाही.

मी हसलो. ती हसली नाही. मग मी म्हटलं, आत ये, चहा घेत बोलू. तर म्हणाली, एकटी येणार नाही, आणि शेजारून धोंडिरामला घेऊन आली. (तोच सदरा.) मी शनिवारची अर्धी सुट्टी देऊ केली, गणितं दहावरून सातवर आणली, कापलेली सगळी मिनिटं माफ केली. ती उठून पुन्हा चटईवर जाऊन बसली. तेव्हा माझं डोकं सरकलं आणि मी टाळेबंदी जाहीर करून दार आतून लावून घेतलं. लावल्यावर लक्षात आलं, की नलिनीही बाहेरच आहे, संपाला पाठिंबा म्हणून, आणि काडेपेटी तिच्या हातात. आत स्टोव्ह होता, चहा होता, साखर होती, पेटवायला काही नव्हतं. दीड तास मी आत फेऱ्या मारत होतो आणि संपवाले बाहेर वाऱ्यावर बसले होते. पुढे कांदेपोह्यांचा वास आला. शांताबाईंनी पाठवले होते. कामावर जाताना पोरीला मोठ्याने सांगूनही गेल्या, “मागे हटू नको गं, मी आहे.”

शेवटी दार मीच उघडलं. धोंडिराम लताशेजारी चटईवर बसला होता, पोहे खात. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, “दत्ताराम, पोरगी बरोबर बसलीय रे. संपात तू गेटाच्या आत कधी गेलास?” पाणी प्यायला आत आलो. तहान नव्हती.

आज चौथा दिवस. चटई तिथेच आहे. मंडळी बाहेर जेवतात, मला ताट आत सरकवतात. मी अर्थातच ठाम आहे, हे तुला पत्राच्या सुरावरून कळलंच असेल. आपल्या घराण्यात कोणी दबावाला बळी पडलेलं नाही. भावोजींना नमस्कार सांग, गुडघ्याला तेल लावत जा, आणि दुपारची झोप मोडू नकोस.

तुझा,
दत्ताराम

ता. क. तुझ्या कपाटात सहावीची जुनी पुस्तकं असतील, ती अनंताबरोबर पाठव. तो परवा गावी येतोय, हे पत्र त्याच्याच हाती देतोय. परत येताना घेऊन येईल. नव्या वर्षाची तयारी अर्धी राहायला नको.

ता. क. दुसरा. पुस्तकं पाठवू नकोस. खरं सांगतो, ताई, मला भीती वाटते. ती शाळेत गेली की सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत नलिनी तिच्या कामात आणि या खोलीत मी एकटा. भोंगा कुणासाठी वाजवू? मी तिला शाळा काढून दिली असं सगळ्यांना सांगत होतो. खरं तर तिच्यामुळे मला पुन्हा रोज कामावर जायला मिळत होतं.

ता. क. तिसरा, आणि हे कुणाला वाचून दाखवू नकोस. डब्याखालचा फॉर्म जागच्या जागी आहे, पण मी काल शाळेतून दुसरा फॉर्म आणून, भरून, सही करून तिथेच दिला. पोच सदऱ्याच्या खिशात आहे. घरी सांगितलेलं नाही. मी आपणहून सांगितलं तर पोरीला वाटेल, बापाला दया आली. तसं नको. चार दिवस ऊन खात बसलीय, तिला जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे. तू थोरली, तुझा शब्द मला मोडता येत नाही हे तिला ठाऊक आहे. म्हणून पत्र मिळताच तालुक्याला माणूस पाठवून तार कर. तार माझ्या नावाने नको, तिच्या नावाने, ‘कुमारी लता, गॅलरी’ असा पत्ता घाल, पोस्टमन बरोबर चटईवर नेऊन देईल. मजकूर एवढाच: मागण्या मान्य. संप जिंकलीस. शाळेत जा.

असली तार येईल म्हणून आम्ही दीड वर्ष गेटावर बसलो होतो, ताई. कशी दिसते, मला एकदा बघायची आहे.