पंधराव्या प्रकरणाची राखण

तळेगाव (श्यामजी पंत),
१२ जानेवारी

चि. अश्वजितास,

काका बापूरावचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. तुझ्या काकूचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे, तेव्हा काळजी नसावी. सूनबाई पौर्णिमाच्या कंबरेला आता उतार असेल. (डॉक्टरने एक्स-रे ठेवून घेतला असेल तर मागून आण. दुसऱ्याच्या कंबरेचा फोटो त्याला कशाला हवा?)

तू तुझ्या कादंबरीचं बाड पाठवलंस आणि पुस्तक कसं काढावं ते विचारलंस. बाड पोचलं. पाकीट आलं तसं सीलबंद मी लोखंडी कपाटात ठेवलं आहे, कारण घरात उघडं बाड असणं बरं नाही. आता सल्ला देतो. आपल्या खानदानात पुस्तक छापलेला मीच एक, तेव्हा ऐकून घे.

पूर्ण पुस्तक कधीही एका माणसाच्या हाती देऊ नये. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेला माणूस झोपला आहे की तिकीट चुकवतो आहे, हे मला दारातूनच कळायचं. तोच नियम मी इथे लावला. शेवटचं सोडून विषम प्रकरणं आर्वीच्या निकेशकडे टायपिंगला दिली आणि सम प्रकरणं हिंगणघाटच्या एका दुकानात. दोघांची ओळख नाही याची आधी खात्री केली. शिवाय टायपिंग होईस्तोवर निकेशच्या खुर्चीमागे उभा राहिलो. तो म्हणाला, "काका, तुम्ही मांगं उभे राह्यले का माह्ये बोटं थरथरते." (मनात पाप नसेल तर बोटं कशाला थरथरतील?) या बंदोबस्तामुळे विषम प्रकरणं ठळक अक्षरात आली आणि सम प्रकरणं मुंगीएवढ्या अक्षरात. एक प्रकरण चष्मा काढून वाचायचं, दुसरं लावून. पण चोरी झाली नाही.

दुसरं म्हणजे बाडाची एक झेरॉक्स रजिस्टर पोस्टाने स्वतःलाच पाठवावी आणि न फोडता ठेवावी. शिक्क्यावरची तारीख उद्या कोर्टात कामी येते. मी शेवटचं प्रकरण वगळून पाठवली, पण नेमका त्या दिवशी केळझरला लग्नाला गेलो होतो. पोस्टमनने पाकीट काकूला दिलं. एवढं जाड पत्र आपल्या नवऱ्याला कुणी लिहिलं म्हणून तिने ते तिथेच फोडलं. संशय घेण्याची वाईट खोड आहे तिला.

आणि शेवटचं प्रकरण तर जीव गेला तरी आधी देऊ नये. पुस्तकाची गोष्ट तुला ठाऊकच आहे. गिरड फाट्यावर एक बाई उतरते, तिचं गाठोडं मागच्या सीटवर राहतं, आणि चौदा प्रकरणं ते माझ्याबरोबर गावोगाव फिरतं. पंधराव्यात ते उघडतं. प्रकाशकाने तीनदा फोन करून पंधरावं मागितलं. एवढी घाई मला बरी वाटली नाही. मी म्हटलं, "आधी चौदा छापून दाखवा, मंग देतो." त्याने छापली. चौदाव्याखाली 'समाप्त' घातलं, बांधणी केली आणि गठ्ठे माझ्या दारात आणून टाकले. आता माझं पुस्तक 'मी गाठीला हात घातला' या वाक्यावर संपतं. प्रकाशक म्हणतो, दुसऱ्या आवृत्तीत पाहू.

पण खरी चोरी पुढेच आहे. प्रस्तावनेसाठी प्राचार्य लक्ष्मणराव सरांना मी चौदाच प्रकरणं दिली होती. त्यांनी लिहिलं, 'शेवट वाचकाला हादरवून सोडतो.' पंधरावं प्रकरण सरांकडे गेलं कसं? ते मी तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवलं होतं. डबा उपसला. नऊच्या नऊ पानं जागेवर होती. मग प्रकाशनाच्या दिवशी एकेकाने हात हातात घेऊन शेवटाची तारीफ केली. एकजण तर गाठोड्यावरून रडलासुद्धा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या गाडीत तिकीट कुणाकडेच नव्हतं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. चोराला भिऊन राखण केली, आणि चोर फिरकलाच नाही.

आपल्या शेजारच्या किराणावाल्या अनुसयाबाईंना मी प्रत देणारच नव्हतो. त्या पुस्तकाच्या पुड्या बांधतील असा माझा कयास होता. काकूच्या आग्रहामुळे पानं मोजून दिली. आठ दिवसांनी मीठ आणायला गेलो, तर शेंगदाणे तोलता तोलता त्या म्हणाल्या, "बापूभाऊ, त्या गाठोड्यात काय होतं मंग? काऊन नाई सांगितलं? मले वाटलं पान गळालं, म्हून मी सारं दुकान धुंडून राह्यली."

मीठ तिथेच विसरून घरी आलो.

असो. पत्र वाचून झाल्यावर जपून ठेव, कुणाला दाखवू नकोस. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा काका,
बापूराव

ता. क. तुझं मागचं पत्र जपून ठेवलं आहे. 'काका, शेवटाने डोळ्यांत पाणी आणलं' असं तू त्यात लिहिलं आहेस. मी रागावलेलो नाही.

ता. क. २. पंधरावं प्रकरण वेगळ्या पाकिटातून पाठवत आहे. (दोन्ही एकाच्या हाती पडू नयेत.) तेवढं खरोखर वाच आणि गाठोड्यात काय निघालं ते एका ओळीत कळव. अनुसयाबाईंना मी दुकानातल्या पोत्यावर बसून वाचून दाखवलं. म्हणजे ते आता जगात आम्हा दोघांनाच ठाऊक आहे, आणि त्यांची ऐंशी उलटली. तिसरा कुणीतरी पाहिजे रे.

ता. क. ३. तुझ्या कादंबरीबद्दल लिहायचं राहूनच गेलं. फार आवडली. शेवट तर विशेष.