खालच्या कंप्युटरवरून वर

३ डिसेंबर, वाई
पुन्हा तेच! खालच्या जुन्या कंप्युटरवरून माझ्या वरच्या लॅपटॉपवर लग्नाचे फोटो घ्यायचे, तर गोगलगाय बरी. शिरवळचा फोटोग्राफर साईराज अल्बमसाठी मागे लागलाय. सकाळी कॉपी लावली, ती जेवणापर्यंत पावसुद्धा झाली नाही.
कंप्युटर आहे त्याच खालच्या खोलीत आत्या – माझ्या सासूबाई – पडून. डावी बाजू गेलेली, तोंड वाकडं, बोलणं म्हणजे नुसता हुंकार. भरवलं, कूस बदलली, वर आले. कॉपी तिथेच!

४ डिसेंबर
वायर बदलली. काही फरक नाही.
जोधपूरहून नवऱ्याचा फोन. "आई चालायला लागली का? लागली की तू लगेच इकडे ये." जयराजचं दर वेळी हेच. म्हटलं, नाही अजून.

६ डिसेंबर
कॉपी लावून बाजारात गेले. लॅपटॉप उघडा ठेवला होता – नक्की! आले तर झाकण बंद. कॉपी मधेच तुटलेली.
शेजारच्या शालूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. विचारलं, आत कोण गेलं का?
"न्हाई बा. मी हितंच हाय कवाधरनं."
खुर्चीला खोबरेलाचा वास. मी तेल लावत नाही.

७ डिसेंबर
आजही झाकण बंद. आत्यांना विचारलं, वर कुणी गेलं होतं का? त्यांनी छताकडे बघितलं. नुसतं बघत राहिल्या.

९ डिसेंबर
कंप्युटर दुकानवाला अफताब आला. लॅपटॉप थेट खालच्या कंप्युटरला जोडला. तरी तेच.
"वायर चांगली हाय, वहिनी. राऊटर बी. पर ह्याची डिस्क गच्च भरलीय, आन् तिच्यावर अजून कायतरी सारखं उतरतंय. थांबतच न्हाई."
"काय उतरतंय?"
त्याने खाटेवरच्या भिंतीकडे बोट केलं. कॅमेरा! आत्या पडल्या तेव्हा जयराजने बसवलेला. मोबाईलवर दिसेना, म्हणून बिघडला समजलो. आत्यांनाही तसंच सांगितलं होतं. तो चालूच होता. सगळं इथे साठत होतं.
"पुसून टाकू?"
"नको. आधी बघते."

१० डिसेंबर
बघितलं. सहा तारखेची दुपार.
मी बाहेर पडते. दार लागतं. बराच वेळ काहीच नाही. मग आत्या उठून बसतात. कशाला न धरता! पाय खाली सोडतात, पदर सारखा करतात, जिन्याकडे चालत जातात. रिकामी खाट दिसत राहते.
मी स्क्रीनसमोर, आणि पाठीमागे त्याच खाटेवर त्यांचा श्वास ऐकू येत होता.
मग त्या परत येतात. आडव्या होतात. उजव्या हाताने डावा हात उचलून छातीवर वाकडा ठेवतात. शेवटी तोंड वाकडं करतात – सावकाश, गाठ मारावी तसं. दार उघडतं. मी आत येते. "आत्या, भूक लागली का?"
मागे वळले. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

११ डिसेंबर
नेहमीसारखं भरवायला बसले. त्यांनी निमूट तोंड उघडलं.

१२ डिसेंबर
आज त्याच बोलल्या. सरळ, स्वच्छ.
"बघितलंस न्हवं? पडली हुती ती खरीच. मग हळूहळू बरं वाटाय लागलं. पर मी उटली तर त्यो तुला न्हेणार. तुजं ते यंत्र उघडं दिसलं की वाटायचं, त्यातनं बघतोय. म्हून झाकायची. त्येचा बाप बी मला आत ठिवून भायेरनं कडी लावायचा गं."
जोधपूरच्या घरातली ती कडी मी कुणालाच सांगितली नव्हती. या वहीलासुद्धा नाही.
रेकॉर्डिंग सगळं पुसलं, कॅमेरा उतरवला. फोटो झरझर वर आले.
संध्याकाळी फोन. "आई चालतेय का?"
म्हटलं, "नाही. हलतसुद्धा नाहीत."