मागच्या दोन टायरांबद्दल लिहून ठेवतो की

मी खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा जुने टायर शोधून आणणे, त्यांना खाचा पाडणे आणि हौसेने चिखलात गाड्या घालणाऱ्या शहाण्यांना ते विकणे, सबब सगळीकडे 'खाचेकाका' म्हणून ओळखला जाणारा, आज पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे लिहून ठेवतो. लिहिताना बायको शेजारी बसली आहे. तो दबाव समजू नये, सवय समजावी.

मृत्युपत्राचे निमित्त असे, की डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून "काका, सिगारेट बंद" असे सांगितले. मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. चाळीस वर्षे तापलेल्या सुरीने रबर कापतो आहे, तो धूर आहे. डॉक्टर म्हणाले, मग रबर बंद. म्हटले, आधी वकीलबाईंना बोलवा.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे अंगण, पत्नीला. बँकेत जे आहे तेही तिलाच. किती आहे ते मला विचारू नये, तिला विचारावे. अंगणातले सतरा टायर उद्या हलवतो असे मी तिला लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सांगितले होते. ते काम वारसांनी पूर्ण करावे.

कलम २. पत्नीच्या भावास, म्हणजे माझ्या मेहुण्यास, बुटाच्या काळ्या पॉलिशची एक डबी द्यावी. त्याने एकदा मला आठ टायर 'जवळजवळ नवे' म्हणून आणून दिले. टायरच्या कडेला चार आकडे असतात, कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तो बनला त्याचे. या आठांवर आकडेच नव्हते, कारण मेहुण्याने ते कानशीने घासून काढले होते आणि भेगांवर पॉलिश मारले होते. माझ्याशी सोयरीक जुळवताना बहिणीचे वय त्याने खरे सांगितले, एवढे मी मान्य करतो. त्या आठ टायरांपासून एकवीस वर्षे आमचे बोलणे नाही.

तरी परवा तो साक्षीदार म्हणून सही करायला आला, बायकोने बोलावले होते. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. "मग डबी काढू का?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "डबी राहू द्या, त्याला जाऊ द्या."

कलम ३. हवेचा कॉम्प्रेसर, दोन्ही जॅक आणि टायर रिमवरून उतरवायच्या लोखंडी पट्ट्या माझ्या जोडीदाराला, ज्याला सगळे 'पाना' म्हणतात. हातोडी तर त्याचीच आहे. नुसती ठोकून टायरला आतून कुठे दुखते ते तो सांगतो. स्वतःचा गुडघा मात्र चार वर्षे कोणाला दाखवत नाही. आधी त्याने तो दाखवावा, मगच जॅक ताब्यात द्यावेत.

कलम ४. जो कोणी हा धंदा पुढे चालवील त्याने लक्षात ठेवावे: खाणीतल्या डंपरचे टायर वरून कितीही गुबगुबीत दिसले तरी घेऊ नयेत, आतून दगडांनी मार खाल्लेला असतो. ट्रॅक्टरवाल्यांकडे पेरणी उरकल्यावर जावे, आधी गेलात तर हाकलतात. विकणारा आग्रहाने चहा पाजू लागला तर टायर उलटून दुसरी बाजू बघावी. खाचा रुंद पाडाव्यात, म्हणजे चाक फिरताना चिखल आपोआप बाहेर फेकला जातो; पण आतले धागे दिसू लागेपर्यंत कापू नये. आणि असे कापलेले टायर डांबरी रस्त्यावर चालवू नयेत, हे गिऱ्हाइकाला दोनदा सांगावे. एकदा सांगितलेले ते ऐकत नाहीत.

कलम ५. दुकान आणि माझी खाचा पाडायची सुरी माझ्या मुलीला.

इथे वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "काका, ती सहा वर्षांत इकडे फिरकली नाही. उद्या कोणी हरकत घेतली तर? कारण लिहा." म्हणून लिहितो.

मुलगी माझ्याहून चांगली गाडी चालवते. चिखलाच्या शर्यतीत सलग तीन वर्षे तिने सगळ्यांना पाणी पाजले. चौथ्या वर्षी तिची जीप मधोमध दारांपर्यंत रुतली. सगळी गिऱ्हाइके काठावर उभी होती, आणि मी त्यांच्यासमोर म्हणालो, "टायर माझे आहेत, त्यांना काय होतंय? हिलाच अजून गिअर कळत नाहीत." तिने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि गेली. आता ती दुसऱ्या शहरात खोदकामाचे मशीन चालवते. फोन करते तो आईला.

दुसऱ्या दिवशी जीप धुताना मला दिसले. टायर कोणत्या दिशेने फिरावा हे दाखवणारा बाण कडेला असतो. मागच्या दोन्ही टायरांचे बाण मागे तोंड करून होते. उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे मीच बसवला होता. अशा वेळी खाचा चिखल बाहेर टाकत नाहीत, पोटाशी धरून बसतात. मी काय केले? सुरी तापवली आणि दोन्ही बाण तासून टाकले. ज्या कामासाठी मेहुण्याला एकवीस वर्षे वाळीत टाकले, तेच काम मी त्याच्यापेक्षा सफाईने केले.

हे कलम मी गेल्यावर सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

वकीलबाई म्हणाल्या, "हे ऐकवायला मरायलाच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही." बायकोने तेवढ्यात फोन लावून माझ्या कानाला धरला.

"आई?"

"आई नाही. मी."

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. त्या वेळी मागचे टायर उलटे मी बसवले होते."

ती म्हणाली, "माहीत आहे, बाबा. चिखलात उतरून ढकलत होते ना मी. बाण नाकासमोर होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची सगळी गिऱ्हाइकं उभी होती. काय बोलणार? दुसऱ्या दिवशी दुकानात आले होते. म्हटलं, धुताना दिसेल तुम्हाला, तुम्हीच बोलाल. तुम्ही बाण तासत बसला होतात. तशीच मागे फिरले."

मला रडू आले. मृत्युपत्रात असले काही लिहीत नाहीत असे वकीलबाई म्हणतात, तरी लिहितो. सहा वर्षे मला वाटत होते, की ती माझ्या बोलण्यावर रुसली आहे.

मी म्हणालो, "चुकलो मी."

"रविवारी येते," ती म्हणाली. "मी येईपर्यंत सुरीला हात लावायचा नाही. कापीन मी. तुम्ही लांब बसून चुका काढा."

सबब कलम ५ मधील सुरी या रविवारी, माझ्या हयातीतच, मुलीच्या ताब्यात जाईल. लांब बसून चुका काढायचे काम मला बरीच वर्षे पुरेल असे दिसते. तरी बाकीची कलमे अमलात आणायची कोणी घाई करू नये.

लिहून ठेवणार: खाचेकाका (सही)

साक्षीदार:
१. डॉक्टर, छातीचा फोटो पाहणारे (सही)
२. शेजारचा वेल्डर, ज्याला यातले काहीही मिळणार नाही आणि ज्याने तसे दोनदा विचारून घेतले (सही)

ठिकाण: दुकान, काउंटर
दिनांक: पाच, शुक्रवार, म्हणजे रविवारला दोन दिवस