हनुवटीवरची पट्टी

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतो का, आणि नवा चष्मा नाकावर टिकतो की तू तो डोक्यावर ठेवून घरभर शोधतेस, हे सगळं मला मनापासून विचारायचं आहे आणि पुढे विचारणारही आहे. पण आधी दुरुस्ती. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं, की सायकलच्या सिनेमाची जी नवी प्रत आली तिच्यात कुणीतरी एक अख्खा प्रसंग घुसडून दिला आहे. ते चूक आहे. कुणीही काहीही घुसडलेलं नाही. तसंच त्या खेळातून सतरा माणसं उठून गेली असं मी लिहिलं होतं, ती सोळा होती. सतरावे गृहस्थ नुसते स्वच्छतागृहात गेले होते आणि परत येऊन पुन्हा रागावून बसले. (मी दारापाशी उभी राहून बाहेर जाणारे मोजत होते. आत येणारे मोजायचं राहिलं.) चूक कळली की ती सगळ्यात आधी सांगायची, हे तूच मला शिकवलंस. नमस्कार तिच्याही आधी घातला, कारण त्याशिवाय तू पुढचं वाचलंच नसतंस.

शाळेत जायच्या आधीची माझी सगळी शाळा त्या चित्रपटगृहात झाली, हे मी काम करते त्या प्रेसमध्ये कुणाला सांगत नाही. आईची रुग्णालयात पाळी असायची, म्हणून मी सकाळी तुझ्या तिकीटखिडकीत आणि दुपारी बाबांच्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये. अक्षरं तुझ्या मांडीवर शिकले, त्यामुळे मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द ‘हाऊसफुल्ल’ आणि दुसरा ‘परत मिळणार नाही’. (हे तीन शब्द आहेत, पण तेव्हा मला तो एकच वाटायचा.) आकडे बाबांनी शिकवले. रिळाच्या सुरुवातीला आकडे उलटे येतात, आठ, सात, सहा असे दोनापर्यंत, आणि मग सिनेमा लागतो. पुढे शाळेत बाईंनी विचारलं, दोनानंतर काय येतं, तर मी म्हणाले, सिनेमा. वर्ग हसला. ते का हसतात हे कळेपर्यंत मी तिसरीत गेले होते. पण चित्रपटगृहातल्या त्या शाळेचा एक उपयोग झाला. दीड फूट फिल्म म्हणजे चोवीस चौकटी, म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आता जे झालं ते त्यामुळेच झालं, म्हणून हे इतकं लांबण लावलं.

सायकलचा सिनेमा तुला मी काय सांगणार, तू त्याची तिकिटं फाडली आहेस. पण तू गाव सोडून बरीच वर्षं झाली, आणि त्याचं पुढे काय झालं ते तुला पुरतं माहीत नसेल. तेरा वर्षांची मुलगी, तिला फार उंच अशी वडिलांची सायकल, टेकडीवरची पाण्याची टाकी. आधी ती दांड्याखालून पाय घालून चालवते, मग दांड्यावरून, मग सीटवर बसून, आणि शेवटी टाकीपासून खालपर्यंतचा सगळा उतार हात सोडून उतरते. बस, एवढंच. ज्यांनी प्रत पाठवली होती त्यांनी पुढे आपलं दुकानच बंद केलं, परत न्यायला कुणी आलं नाही, आणि शाळांना सुटी लागली की बाबा दरवर्षी आठवडाभर तो लावू लागले. तेवीस वर्षं झाली. ज्यांनी तो तेराव्या वर्षी पाहिला ते आता आपल्या मुलांना घेऊन येतात, आणि मुलं खाण्यात गुंग असताना स्वतः समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवून बसतात. एक रोखपाल आहेत, ते प्रत्येक वाक्य पडद्याच्या अर्धा सेकंद आधी म्हणतात. त्यांना सगळे ‘अर्धासेकंद काका’च म्हणतात, अगदी त्यांच्या घरचेसुद्धा.

हा सिनेमा इतका का टिकला, असं कुणालाही विचारलं तर उत्तर एकच यायचं: पट्टी. मुलगी पहिल्यांदा टेकडीवर जाते तेव्हा तिचा चेहरा स्वच्छ असतो. पुढच्या क्षणी ती घरात येते, हनुवटीवर पांढरी पट्टी, सायकलचं हँडल वाकडं. आई बघते, आणि कपड्यांच्या घड्या करत राहते. एक शब्द नाही. ती पट्टी आली कुठून? अर्धासेकंद काकांच्या मते तिने सायकल नेली म्हणून वडिलांनी मारलं, आणि ते घराबाहेर बोलायचं नसतं. मुख्याध्यापिका बाईंच्या मते पट्टीखाली जखमच नाही. कुणीतरी आपल्याकडे बघावं म्हणून मुलीने ती स्वतःच लावली आहे. त्या आठवड्यात रोज लोक खेळ सुटल्यावर पायऱ्यांवर बसून यावर भांडतात. आठवीत मी यावर निबंध लिहिला होता, की पट्टी म्हणजे गिळलेले शब्द, आणि मला पहिलं बक्षीस म्हणून शब्दकोश मिळाला होता. त्याच शब्दकोशावर मी आज मुद्रितशोधकाचं काम करते, हे लक्षात ठेव, कारण ते मला आता फार टोचतं आहे.

फक्त एक माणूस या सगळ्याच्या विरुद्ध होता, तो म्हणजे चित्रपटगृहासमोरचा सायकल दुरुस्तीवाला. तो पहिल्या वर्षापासून एकच सांगत आला, की पोरगी पडली आहे. ‘हँडल असं दोनच कारणांनी वाकतं ताई,’ तो मला म्हणाला होता, ‘एक, आपटल्यावर. दोन, माझ्या भावाने दुरुस्त केल्यावर.’ पण पायऱ्यांवर त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही. याला कलेतलं काही कळत नाही, असं ठरलं, आणि हळूहळू तो पायऱ्यांवर यायचाच बंद झाला.

आणि आता ही नवी प्रत. ज्यांनी सिनेमा केला त्यांनी मूळ फिल्म धुऊनपुसून नव्या मशीनसाठी पाठवली. सगळं गाव नवे कपडे घालून आलं. मुलगी टेकडीवर गेली, आणि घरी येण्याऐवजी उतारावरून निघाली, वेग वाढला, पुढचं चाक खडीत रुतलं, आणि ती हँडलवरून उडून तोंडावर आपटली. मग किती वेळ ती तशीच पडून, शेजारी चाक गरगर फिरतंय. मग उठते, हनुवटीला हात लावते, रक्त बघते, सायकल उभी करते आणि रडत रडत ढकलत नेते. एक मिनिट बावन्न सेकंद. सभागृहात आधी शांतता, मग कुजबुज, मग अर्धासेकंद काका उभे राहून म्हणाले, ‘हे आमच्या सिनेमात नाही.’ (आयुष्यात पहिल्यांदा ते पडद्याच्या मागे पडले होते.) सोळा माणसं उठून गेली. मागच्या रांगेत एकटा सायकलवाला टाळ्या वाजवत होता, आणि लोक त्याच्याकडे असे बघत होते जसं काही त्यानेच तिला ढकललं.

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर समिती स्थापन झाली. समितीने दोन ठराव केले. पहिला, सिनेमात नंतर घुसडलेलं पडणं काढून टाकावं, असं संबंधितांना कळवावं. दुसरा, खरा सिनेमा ज्यांनी जपला त्या ऑपरेटरांचा, म्हणजे बाबांचा, जाहीर सत्कार करावा आणि त्या दिवशी त्यांचीच जुनी प्रत लावावी. मानपत्र आमच्याच प्रेसमध्ये छापायला आलं. प्रूफ माझ्या टेबलावर. त्यात एक वाक्य आहे: ‘तेवीस वर्षांत एकही चौकट न गमावता त्यांनी हा सिनेमा जपला.’

आता सांग, आत्या, मी काय चुकले? शुद्धलेखन ठीक होतं, विरामचिन्हं ठीक होती. पण ‘एकही’ हा शब्द मला कधीच सुखाने झोपू देत नाही. म्हणून घरी जाऊन बाबांना विचारलं, की अगदी एकही का, कधी एखादं रीळ तुटलं असेल, दोन-चार चौकटी गेल्या असतील? ते रेडिओ उघडून बसले होते. म्हणाले, असेल. मी आपलं सहज म्हणाले, की नव्या प्रतीत एक मिनिट बावन्न सेकंद जास्त आहेत. तर मान वर न करता ते म्हणाले, ‘एकशे अडुसष्ट फूट. बरोबर आहे.’

हिशेब मलाही येत होता. मला कळेना ते एवढंच, की बरोबर कशाशी?

मी तिथेच उभी राहिले. बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

‘कापलं नाही,’ ते म्हणाले. ‘बाजूला ठेवलं. प्रत परत करताना जोडणार होतो.’

मग सगळं बाहेर आलं. मी साडेचार वर्षांची होते. केबिनमध्ये स्टुलावर उभी राहून भोकातून सिनेमा बघायचे. ती मुलगी पडली की मी किंचाळायचे, पण नुसत्या पडण्याने नाही. मशीन बाबा चालवतात, म्हणजे तिला पाडतात बाबाच, दिवसातून तीन खेळांना तीनदा, असं माझं पक्कं झालं होतं. मी म्हणे धावत तुझ्या खिडकीत यायचे आणि रांगेतल्या लोकांदेखत सांगायचे, की बाबांनी तिला परत पाडलं. जेवण सोडलं. चार दिवस बाबांशी एक शब्द बोलले नाही. (त्या चार दिवसांत सिनेमा पाहिलेले बहुतेक जत्रेला आलेले परगावचे, म्हणून गावात ते पडणं कुणाला आठवत नाही.) पाचव्या दिवशी पहिल्या खेळाआधी एकशे अडुसष्ट फूट डब्यात गेले, मुलगी टेकडीवर चढली आणि थेट घरी आली, आणि मी म्हणे बाबांच्या पायाला मिठी मारून म्हणाले, ‘आज नाही पाडलं.’ मला यातलं अक्षरही आठवत नाही. (निबंधात मी लिहिलं होतं, की दिग्दर्शकाच्या संयमाला तोड नाही. तोड होती, आत्या. चिकटपट्टीने जोडलेली.)

तेव्हापासून प्रूफ टेबलावर पडून आहे. ‘छापण्यास हरकत नाही’ असं लिहून खाली सही करायची, एवढंच माझं काम, आणि हात पुढे होत नाही. प्रेसच्या मालकांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, की वाक्यातला मजकूर खरा नाही. ते म्हणाले, ‘अगं बाई, शुद्धलेखन तपास, इतिहास नको.’ त्यांचंही खरं आहे. आणि सही केली तर कुणाचं बिघडतं, हाही विचार मी करून पाहिला. सायकलवाल्याचं बिघडतं. तेवीस वर्षं तो बरोबर होता आणि बाहेर बसला. आणि बाबांचंही बिघडतं, कारण ज्या एका गोष्टीसाठी त्यांचा सत्कार होतो आहे, नेमकी तीच त्यांनी केलेली नाही, आणि मानपत्र वाचलं जात असताना ते खाली मान घालून बसतील, आणि लोक म्हणतील, किती नम्र माणूस.

उलट बाजूनेही विचार केला. (तू म्हणशील, ही विचारच करत बसते. हो.) अर्धासेकंद काकांचे वडील कसे होते ते तुला माहीत आहे. मुख्याध्यापिका बाई सात भावंडांतल्या मधल्या. बाबांनी मोकळ्या केलेल्या त्या जागेत प्रत्येकाने आपापलं काहीतरी आणून ठेवलं होतं, आणि नव्या प्रतीने ते एका मिनिटात उचलून दाराबाहेर ठेवलं. लोक चिडले ते उगीच नाही. मीसुद्धा चिडलेच की. मी बाबांना म्हणाले, की सांगितलं तर सगळ्यांचा सिनेमा जाईल. त्यांनी रेडिओचं झाकण लावलं. मग म्हणाले, ‘जायचा असता तर इतकी वर्षं टिकला नसता. तू सांग. सत्काराचं मला काही नाही. फक्त तुझं नाव त्यात घालू नकोस, लोक चिडवतील.’ आणि थोड्या वेळाने, ‘आणि त्या सायकलवाल्याला पुढे बसवायला सांग.’

म्हणून ठरवलं आहे. ते वाक्य मी बदलणार. नवं वाक्य असं: ‘घरातलं एक मूल रडत होतं म्हणून एकशे अडुसष्ट फूट बाजूला ठेवून, आणि उरलेल्यातल्या फार तर दोन-चार चौकटी गमावून, त्यांनी हा सिनेमा जपला.’ मुख्याध्यापिका बाई मानपत्र वाचणार आहेत, आणि त्या कधीच आधी वाचून येत नाहीत, त्यामुळे त्यांना ते सगळ्यांबरोबरच कळेल. शब्दकोश मी शाळेला परत करते आहे. मालक म्हणाले, की मग काम कशावर करणार, म्हणून उद्या नवा घेते.

गुडघ्याला शेक देतेस ना? चष्म्याचं कळव.

तुझी भाची

ता. क. : वर मी ती मुलगी कशी पडते ते अगदी बारकाईने लिहिलं आहे. ते मी पाहिलेलं नाही. तिने उताराकडे हँडल वळवलं आणि मी डोळे मिटून घेतले, मग अर्धवट उघडून फक्त घड्याळाकडे बघत राहिले, म्हणून वेळ तेवढी अचूक आहे. खडी, चाक आणि रक्त सायकलवाल्याने सांगितलं. त्याचा शब्द मी खरा धरते, सगळ्यांनी आधीच धरायला हवा होता.

आणखी एक ता. क. : हे पत्र मी खरं तर यासाठी लिहिते आहे. तो जोड मी काल केबिनमध्ये जाऊन बोटाने चाचपून पाहिला, तर सापडेना, इतका सफाईदार. बाबांचे बाकीचे जोड मशीनमधून जाताना खाडकन वाजतात. म्हणून जेवताना विचारलं, की हाच एक इतका चांगला कसा साधला. ते पाण्याचा पेला फिरवत बसले. मग म्हणाले, ‘माझे हात थरथरत होते. कापलं तुझ्या आत्याने. म्हणाली, पोर जेवत नाही, सिनेमाचं काय घेऊन बसलास.’

मी तुला बोल लावत नाही. पण वाक्य मी दोन प्रकारे जुळवून ठेवलं आहे, एकात ‘त्यांनी’ आणि दुसऱ्यात ‘त्यांनी व त्यांच्या भगिनींनी’. कोणतं घालू ते कळव. उत्तर आलं नाही तर दुसरं घालीन, कारण ते खरं आहे, आणि तुझ्यासाठी पुढच्या रांगेत सायकलवाल्याशेजारी जागा ठेवायला सांगीन. प्रुफावर सही मी शुक्रवारी, बारा तारखेला, सकाळी साडेदहा वाजता करणार आहे.