मैनाकली आणि माझा डावा अंगठा

तीर्थस्वरूप पतिराम दाजींना, तुमच्या मेव्हण्याचा, बिफैराम महतोचा, वाकून नमस्कार.

दाजी, इकडं हत्तीसारेत हत्ती, माहूत सगळे खुशाल. तुमचा खोकला आणि ताईचा राग दोन्ही उतरले असतील, असं धरून चालतो. (खोकल्याला निदान औषध तरी आहे.) तुमचं पत्र पोचलं. ‘निवृत्त झालास, आता ये, तुझ्या डाव्या पायाचा अंगठा मोडून पुन्हा नीट बसवून देतो,’ हे वाचून गहिवरून आलं. बावीस वर्षांपूर्वी तो बसवलात तुम्हीच, आणि तेव्हापासून तो बाकीच्या बोटांशी भांडल्यासारखा नदीकडं तोंड करून बसलाय. पंचक्रोशीत तुमच्यासारखा हाडवैद्य नाही, पण मेव्हण्याचा पाय म्हणजे घरचाच. चुकला तरी विचारतो कोण! असो. मला येणं जमत नाही. का, ते सविस्तर लिहितो. ताईला मात्र अर्धंच वाचून दाखवा.

फागुनात मी मैनाकलीच्या मानेवरून उतरलो. साठी झाली की माहुतानं उतरायचं, असा नियम आहे. (हत्तिणीला कुणी विचारत नाही.) माझ्या जागी सोमलाल आला. चाळिशीचा गडी, शहाणा, निर्व्यसनी, दोन्ही अंगठे शाबूत. तिथंच सगळा घोळ झाला. तुम्हाला ठाऊक आहे, माहूत तोंडानं कितीही ओरडला तरी हत्ती ऐकतो ते कानांमागच्या अंगठ्यांचं. दोन्हीकडून सारखा जोर आला की सरळ, एकीकडून जास्त आला की वळ. माझा डावा अंगठा कमजोर, म्हणून मैनाकली शिकली की डावीकडून जरा कमी आलं म्हणजेच सरळ. सोमलालनं दोन्ही अंगठे सारखे दाबले, आणि ती बिचारी इमानानं वळत राहिली.

आणि हे घडलं कधी, तर गेंड्यांच्या गणतीत! प्रत्येक हत्तीला गवताचा आपापला पट्टा वाटून दिलेला, गवत हौद्याच्याही वर. मैनाकलीच्या पाठीवर काठमांडूचे एक नवे साहेब वही घेऊन बसलेले. त्यांनी आधी डबक्यात पडलेला एक गेंडा समोरून पाहिला, मग एक मागून पाहिला, मग एक कुशीवरून पाहिला. तिघांचाही उजवा कान फाटलेला होता, त्यावरून साहेबांनी ‘एकाच कुटुंबातले असावेत’ असा शेरा मारला. (तिसऱ्या वेळी गेंड्यानं कंटाळून तोंड फिरवलं, असं सोमलाल शपथेवर सांगतो.) गेल्या खेपेपेक्षा दोन जास्त भरले म्हणून कचेरीत पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले. मग कुणीतरी विचारलं, साहेबांची टोपी पहिल्या गेंड्यापाशी पडली, तर ती मैनाकलीनं तिसऱ्यापाशी उचलून दिली कशी?

कागदावरचे दोन गेंडे त्याच दुपारी वारले. हसू नका, दाजी. या जंगलात एकेक गेंडा, एकेक हत्ती नावानिशी ओळखावा इतकेच उरलेत. शिकाऱ्याच्या गोळीनं नाही, माझ्या अंगठ्यानं दोन कमी झाले, याचं मला फार लागलं.

आणि कचेरीच्या हाकिमांनी हुकूम काढला: मैनाकली बिघडली, हुकमात राहत नाही, तिला पश्चिमेच्या टोकाच्या चौकीवर पाठवा. पंचावन्न वर्षांची ती. तिथं तिचं नाव घेऊन हाक मारणारंही कुणी नाही. मला राहवलं नाही. सगळे माहूत हत्तींच्या कुच्या वळत बसले होते. गवताच्या पुडीत भात, गूळ, मीठ भरणं चाललं होतं, आणि हाकीमही उभे होते. मी तिथंच पाय पुढं करून अंगठ्याचा दोष कबूल केला. सोमलाल म्हणाला, “काका, पाय सरळ ठेवा म्हणून आमच्या पोटऱ्यांवर छड्या मारणारे तुम्हीच ना?” सगळे हसले. हाकीम म्हणाले, “बिफैराम, पौर्णिमेच्या आत ती सोमलालच्या पायानं सरळ चालली पाहिजे. नाहीतर हुकूम कायम.”

तेव्हापासून सोमलाल डावा पाय ढिला सोडून बसतो. ती दहा पावलं सरळ जाते, आणि पुन्हा वळते.

तुमचाच,
बिफैराम

ता. क. अंगठा मोडून घ्यायला मी येत नाही, उलट तुम्हीच इकडं या. माझ्या पायाला बांधली होती तशीच बांबूची कामटी सोमलालच्या पायाला बांधा. वाकडेपणा हुबेहूब तोच पाहिजे. इतक्या वर्षांत हात सुधारला असेल, तर आठवून आठवून बिघडवा. सोमलाल तयार आहे, त्याची बायको नाही.

ता. क. २. हे मात्र ताईला पुरतं वाचून दाखवा. अंगठा तुमच्या घरच्या ढेकीखाली सापडला, असं मी तेव्हा सांगितलं होतं. ते खोटं. ताईनं त्या ढेकीवर पुन्हा भात कांडला नाही. तिची माफी मागतो. पुराच्या साली चिखलात त्यावर मैनाकलीचा पाय पडला होता. तिनं तो लगेच उचलला, आणि दोन दिवस कुचीला तोंड लावलं नाही. माणसाला दुखवलेल्या हत्तीला साखळ्या घालून लांब पाठवतात, म्हणून मी बोललो नाही. तेव्हापासून ती माझा डावा पाय सांभाळून घेत आली. सोमलालचा पाय दुखत नाही, हे मी तिला रोज समजावतो. ती ऐकून घेते आणि सोंडेनं माझाच अंगठा चाचपून बघते. पौर्णिमेला नऊ दिवस उरलेत, दाजी. पत्र वाचून होताच निघा.