चार वायरी, चार मुलं

सोमवार, ४ मार्च

वहीची माफी मागतो. सव्वीस दिवस हात लावला नाही. कारण काळजी. शनिवारी आमच्या मुलासाठी, केहिंदेसाठी, मुलगी मागायला इबादानहून अबेओकुटाला जायचं आहे. मुलीचे वडील रेल्वेतून निवृत्त. सकाळी दहा म्हणजे दहा. उशीर झाला तर दंड, फार झाला तर दार बंद. आणि आमची गाडी सुरू होताना खोकते. चार लाख सदतीस हजार किलोमीटर. तीन वर्षांपूर्वी आकडा तिथेच थांबला, त्यात माझा काय दोष?

मेकॅनिक मुतैरू म्हणतो, "बाबा, प्लग गेलेत. अर्ध्या तासाचं काम, आणा गाडी." अर्ध्या तासाचं काम मला जमणार नाही? शाळा पाचवीपर्यंत झाली, पण कोकोच्या गोदामाच्या किल्ल्या तीस वर्षं माझ्याकडे होत्या.

संकल्प: प्लग स्वतः बदलणार.

मंगळवार, ५ मार्च

चार प्लग आणले. बॉनेट उघडलं. इंजिन गरम, बोट भाजलं. थंड होईपर्यंत बसलो. झोप लागली.

बुधवार, ६ मार्च

चारही जुने प्लग निघाले. शेवटचा रडत निघाला, मीही. वायरींची अदलाबदल नको म्हणून प्रत्येकीला कागद बांधला. आकड्यांत माझी गल्लत होते. म्हणून कागदांवर मुलांची नावं लिहिली, ती कशी चुकतील? पंख्याकडून, जन्मले त्या क्रमाने: मोरेनिके, मग जुळी ताइवो आणि केहिंदे, मग इडोवू.

बायको म्हणाली, "एक काढा, एक लावा. बारसं कशाला घालताय?" बायकांना पद्धत कळत नाही.

गुरुवार, ७ मार्च. दुपारी

नवे प्लग बसवले. वायरी थोरल्यापासून धाकट्यापर्यंत मानाने लावल्या. मोरेनिके. मग केहिंदे, कारण आमच्यात जुळ्यांत मागून येतो तोच थोरला. जग कसं आहे बघून ये, म्हणून त्यानेच ताइवोला पुढे धाडलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग ताइवो, मग इडोवू. मुतैरूने एवढा विचार केला असता?

सुरू करून पाहिलं नाही. नव्या प्लगना विश्रांती हवी.

शुक्रवार, ८ मार्च

सुरू केली. दाव्याला हिसके देणाऱ्या बोकडासारखी थरथरली. मागून बार उडाला. शेजारच्या कोंबड्या अजून घरी आलेल्या नाहीत. बायको म्हणाली, "यात बसून मुलगी मागायला जायचं, की दळण दळायला?" मी म्हटलं, प्लग नवे, इंजिन जुनं, ओळख व्हायला वेळ लागतो.

मुतैरूने कुंपणावरून डोकं काढलं. "बाबा, दोन सिलिंडर संपावर आहेत. पाच मिनिटं बघू द्या." मी बॉनेटवर जाऊन बसलो.

शनिवार, ९ मार्च. सकाळी ८.२०

शहराबाहेर पडण्याआधीच गाडी बंद. सतरा वेळा चावी फिरवली. कडक इस्त्रीच्या झग्यात केहिंदे घामाने भिजला. बायकोने मुतैरूला फोन केला. तो व्हॅन घेऊन आला. म्हणाला, "गाडीला कुलूप लावा बाबा, तुम्हीही चला." मी म्हटलं, व्हा पुढे, दहा मिनिटांत मागोमाग येतो. त्याच्या व्हॅनमधून मी कसा उतरणार?

बायको म्हणाली, "तुम्ही सांभाळा तुमच्या वायरी. मी पोराचं लग्न ठरवते." बापाची खुर्ची रिकामी नको, म्हणून माझी टोपी काढून तिने मुतैरूच्या डोक्यावर ठेवली. बरोब्बर बसली.

दुपारी ३

दोष सापडला. दुसऱ्या जागी ताइवो हवी होती, तिथे केहिंदे होता. दोघांची अदलाबदल केली, बस्स. म्हणजे माझं काम चोख होतं, फक्त क्रम चुकला. आता गाडी नक्की सुरू होईल. पण चावी फिरवून फिरवून बॅटरी उतरली आहे. बॅटरीचं काम माझ्याकडे नव्हतंच.

संध्याकाळी ५.३०

बायकोचा फोन बंद. केहिंदेचा वाजतो, उचलत नाही. दहाच्या आत पोचलात का? दार उघडलं का त्यांनी? माझ्या नावाने मुतैरू काय बोलला? केहिंदे, मी रागावलेलो नाही. मुलीकडचे हो म्हणाले की नाही, एवढंच कळव. लवकर कळव. आणि परतताना याच रस्त्याने या.