जोव्हीचे कान

३ ऑगस्ट

अर्निलला बदडायला हवं होतं! सकाळी कॉल सेंटरमध्ये येऊन मी कानांत यंत्रं घातली, तोच शेजारी त्याच्या पडद्यावर पाटी आली – 'जवळ नवीन इअरफोन सापडला. जोडायचा?' – आणि या शहाण्याने 'हो' दाबलं. का, तर "अगं, विचारत होतं ना!" पडद्याने काहीही विचारलं की हा हो म्हणणार.

पुढच्या क्षणी पर्थची कुणी आजी माझ्या कानात बोलायला लागली. हॉटेलच्या खोलीसाठी स्वतःच्या कार्डाचा नंबर सांगत होती, अगदी सावकाश. गिऱ्हाईक अर्निलचं, फोन अर्निलचा, आणि सगळं ऐकतेय मी! तो बिचारा "हॅलो मॅम, हॅलो" करत बसला.

त्याला वाटतं मी गाणी ऐकते. वाटू दे. ही श्रवणयंत्रं आहेत हे या मजल्यावर कुणाला ठाऊक नाही. नोकरीला लागताना कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नाव 'गुलाबी इअरफोन' ठेवलंय. विषय संपला.

४ ऑगस्ट

संपला नाही. ती आजी डोक्यातून जात नाही. मी चोर नाही म्हणून तिचे पैसे वाचले. उद्या कुणी चोर असलं तर? जिन्यात बसून नुसती पाटी पाठवायची, आमचे चाळीस जण आहेतच हो म्हणायला!

रॉमेलला गाठलं. संगणकांची सगळी देखभाल त्याच्याकडे. इथल्या सगळ्यांसारखा तोही मला 'इंदाय', म्हणजे पोरी, म्हणतो. म्हणाला, "ही आपोआप जोडणी बंद करता येते, इंदाय. ती पाटीच येणार नाही. मग मी यादीत ज्याचं नाव चढवेन तेवढंच जोडलं जाईल."

"मग कर ना!"

"मॅम फेलींनी हो म्हणायला हवं. आणि तुझं नाव चढवायचं तर त्या विचारणार, हिला गाणी कशाला?"

सांगून टाकलं त्याला. या इमारतीत पहिल्यांदाच कुणाला तरी. तो लगेच मोठमोठ्याने बोलायला लागला.

"हळू बोल रे! ऐकू येतं मला!"

६ ऑगस्ट

मॅम फेली म्हणजे आमच्या मजल्याच्या प्रमुख. त्यांनाही सगळं सांगितलं – आजी, कार्ड, माझे कान. त्यांचा चेहरा एकदम बंद झाला.

"पंधरा तारखेला वायरचे हेडफोन येतील. त्यानंतर बिनतारी काहीच नको. तुझंसुद्धा."

"पण मॅम, मी फोन यंत्रांतूनच ऐकते, वायरच्या हेडफोनवर मला ऐकू कसं येणार? रॉमेल म्हणतो, नावं चढवून –"

"एकीसाठी वेगळा नियम नाही." मग खालच्या आवाजात, "आपलं दुखणं असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं, इंदाय."

दुखणं! मी नाही का रोज इतरांपेक्षा जास्त फोन घेत? वर आणखी शहाणपणा – वायरचे येईपर्यंत सगळं आहे तसंच. म्हणजे दारं उघडीच!

७ ऑगस्ट

नानाय, माझी आई, म्हणाली, "माफी माग बाळा, नोकरी जाईल." कशाची माफी? आजारपणात कान गेले त्याची? नाही मागणार. आईवर ओरडले. वाईट वाटलं. पण नाही मागणार.

१० ऑगस्ट

रॉमेलने वायरचा एक हेडफोन वापरून बघायला दिला. श्रवणयंत्रावर चढवला की शिट्टी, काढून चढवला तर नुसती पुटपुट. एक बाई म्हणाली, "आधी तुझी किटली उतरव चुलीवरून, मी थांबते." हसावं की रडावं! म्हणजे पंधरापासून मी कामाची नाही. सरळ आहे.

१२ ऑगस्ट

उद्या सिडनीचे साहेब येणार. आमचं सगळं काम त्यांच्या कंपनीकडून येतं. मॅमनी सकाळपासून टेबलं पुसून घेतली, कुंड्या आणल्या.

मी फोनवरून यंत्रांचं नाव बदललं. 'गुलाबी इअरफोन' गेला. नवं नाव उद्या सगळे वाचतील. वाचू देत!

१३ ऑगस्ट

साहेब मधल्या वाटेत उभे होते. मॅम सांगत होत्या, "गिऱ्हाइकांची माहिती इथे अगदी सुरक्षित –" मी दोन्ही यंत्रं डबीत बंद केली, म्हणजे ती नव्याने जोडणी शोधतील, आणि परत काढून कानांत घातली.

सगळ्या पडद्यांवर एकदम पाटी – 'जोव्हीचे कान सापडले. जोडायचे?'

आणि आमच्या लोकांनी काय केलं? पटापट 'हो'! साहेबांच्या डोळ्यांदेखत!

मी उठून उभी राहिले. कानाला हात लावून म्हटलं, "मी जोव्हेलिन, म्हणजे जोव्ही. हे माझे कान. ज्याने आधी दाबलं, त्याचं गिऱ्हाईक आता माझ्या कानात बोलेल. मी काही चोरणार नाही. पण दुसरा कुणी?"

साहेब हसले नाहीत. रॉमेलकडे वळले – "हे बंद करता येतं?" "येतं, सर." "मग का नाही केलं?" रॉमेलने मॅमकडे पाहिलं. मॅम जमिनीकडे.

१४ ऑगस्ट

वायरचे हेडफोन रद्द! सोमवारी सकाळी रॉमेल सगळ्या मशीनना कुलूप लावणार. ज्याला खरी गरज, त्याचं नाव मॅम ठरवतील. अर्निलने स्वतःच्या डब्यातली इनासाल, भाजलेली कोंबडी, मला दिली, निम्मी नाही, अख्खी.

संध्याकाळी मॅमनी बोलावलं. ओरडल्या नाहीत, तेच वाईट. "पाहुण्यासमोर माझी लाज काढलीस. सोमवारी ओळखपत्र परत आण."

आणेन. पण मान खाली घालून नाही.

१७ ऑगस्ट

ओळखपत्र हातात घेऊनच आत शिरले. रॉमेल कुलूप लावायला बसत होता, तोच सगळ्या पडद्यांवर पाटी आली – 'फेलीचा उजवा कान सापडला. जोडायचा?' या वेळी कुणीही दाबलं नाही. मॅम केबिनच्या दारात उभ्या होत्या, केस मागे सारलेले, उजव्या कानात यंत्र. "रॉमेल, आधी आम्हा दोघींची नावं चढव. मग लाव कुलूप."